थप्पी

बी.कॉम.चा निकाल लागला की सांगलीतल्या माझ्या ऑफिसात पालक यायला लागतात. सी.ए.ला किती वर्षं लागतात, बँकेची परीक्षा द्यावी का, एम.बी.ए. फायनान्स केलं तर सुरुवातीला पगार किती मिळतो, असे प्रश्न असतात. मी उत्तरं देते. पण मला त्यांच्याशी बोलायचं असतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. मुलगी पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या हाताखाली बसणार? आणि कागदावरचा आकडा ज्या मालाचा आहे तो माल तिला बघायला मिळणार का? माझं या क्षेत्रातलं खरं शिक्षण तिथंच झालं, म्हणून हा प्रश्न मला पगारापेक्षा मोठा वाटतो.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द घरात रोजचे. त्यामुळे कॉमर्सला गेले तेव्हा जमाखर्च मला अवघड गेला नाही. कॉलेजात अंतिम खात्यांच्या गणितात खाली समायोजना दिलेल्या असायच्या. त्यातली पहिली बहुतेक अखेरच्या साठ्याची. तो एकदा व्यापार खात्यात जमेला धरायचा, एकदा ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहायचा, की दोन्ही बाजू जुळल्या. साठा कुणी मोजला, कधी मोजला, तो खरंच त्या दुकानदाराचा होता का, हे प्रश्नपत्रिकेत कुणी विचारत नव्हतं.

ते विचारायला मी शिकले आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सी.ए.च्या हाताखाली करायच्या उमेदवारीत. तेव्हा ती तीन वर्षांची होती. स्टायपेंड महिन्याला हजार रुपये, त्यात येण्याजाण्याचा आणि चहाचा खर्च भागायचा. सुरुवातीचे महिने व्हाउचर तपासण्यात आणि बँकेची जुळवणी करण्यात गेले. मग एका मार्चमध्ये, ज्यांच्या हाताखाली मी होते त्या सी.ए. सरांनी मला हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या स्टॉक ऑडिटला पाठवलं.

हे काम काय असतं ते सांगायला हवं. व्यापाऱ्याला बँकेनं कॅश क्रेडिट दिलेलं असतं. त्यासाठी तो दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो : माल किती, येणं किती, देणं किती. त्यावरून त्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून जास्तीत जास्त किती रक्कम उचलता येईल ते ठरतं. माल जागेवर आहे का, हे बघायला बँक सी.ए. नेमते आणि प्रत्यक्ष गोदामात बहुतेक वेळा जातो तो आर्टिकल.

सरांनी निघताना सांगितलं होतं, आधी गोदामाचा नकाशा काढ, प्रत्येक थप्पीला नंबर दे, मग मोज. तसंच केलं. लांबीत किती पोती, रुंदीत किती, उंचीला थर किती, आणि मधे पोकळी नाही ना हे शिडी लावून वर चढून बघायचं. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कारण भाव वेगळा. चार-सहा पोती काट्यावर घ्यायची. स्टेटमेंट फेब्रुवारीअखेरचं आणि मोजणी मार्चमधली, म्हणून मधल्या काळातली खरेदी वजा करून आणि विक्री मिळवून त्या तारखेपर्यंत मागं जायचं. दुपारपर्यंत हात, वही, ओढणी सगळं पिवळं झालं होतं, आणि गंमत म्हणजे पोती जुळत होती. स्टेटमेंटवर होती जवळपास तेवढीच.

मागच्या भिंतीकडची थप्पी मोजायला लागले तेव्हा हमालांचे मुकादम म्हणाले, ‘‘ताई, ती हलवायला सांगू नका. ती उद्याच्या सौद्याची हाय.’’

अडत दुकानातल्या दिवाणजीच्या घरात वाढल्यामुळं मला त्या एका वाक्यात सगळं कळलं. सांगलीत हळदीचे सौदे निघतात. शेतकरी माल अडत्याकडं आणून टाकतो, सौद्यात बोली लागते, भाव ठरतो, तेव्हा तो माल विकला जातो. तोपर्यंत तो शेतकऱ्याचाच. हा व्यापारी स्वतः खरेदीही करायचा आणि अडतीचं कामही करायचा. दोन्ही माल एकाच छपराखाली. पोत्यांवर शाईनं गावांची नावं आणि शेतकऱ्यांची आद्याक्षरं होती. मी थप्प्यांचे नंबर घेऊन खरेदीची बिलं मागितली. पुढच्या थप्प्यांची निघाली, मागच्यांची निघेनात. त्यांची नोंद फक्त आवक वहीत होती. फेब्रुवारीअखेरची वही उघडली तर तेव्हाही तोच प्रकार : सौद्याला न लागलेला शेतकऱ्यांचा माल स्वतःचा म्हणून बँकेला दाखवलेला.

याचा परिणाम किती होतो ते सोप्या आकड्यांत सांगते. माल ८० लाखांचा, त्यातून व्यापारी देणी २० लाख वजा, राहिले ६० लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन सोडलं की ड्रॉइंग पॉवर ४५ लाख. आता त्या ८० मधले २४ लाख शेतकऱ्यांचे निघाले, तर ५६ वजा २०, म्हणजे ३६, आणि त्याचे ७५ टक्के म्हणजे २७ लाख. गोदामातलं एक पोतंही कमी झालेलं नाही, पण १८ लाखांच्या कर्जामागं तारण उरलं नाही. उद्या खातं बुडालं तर बँक जप्तीला येणार त्या पोत्यांवर, आणि ती कुणाची, तर कवठेमहांकाळच्या नाहीतर वाळव्याच्या एखाद्या शेतकऱ्याची, ज्यानं त्या बँकेचं तोंडही पाहिलेलं नाही.

व्यापारी माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, ‘‘बाळ, मार्केटात सगळे असंच दाखवतात. तू नवीन आहेस.’’ दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात येऊन सरांच्या केबिनमध्ये बराच वेळ बसले. सरांनी माझी वही मागवली, नकाशा, थप्प्यांचे नंबर, बिलांची यादी सगळं बारकाईनं पाहिलं आणि त्यांच्यासमोरच मला विचारलं, ‘‘प्रत्येक पोत्यावरचं नाव तू वाचलंस?’’ मी हो म्हणाले. सर त्यांना म्हणाले, ‘‘मग हे असंच जाईल.’’ तसंच गेलं, आणि बँकेनं ड्रॉइंग पॉवर कमी केली. एक गोदाम विम्याच्या पॉलिसीत नव्हतं, तेही त्याच अहवालात आलं.

त्या दिवशी मला आपण काय होणार हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. सी.ए.ची सही लोकांना मोलाची वाटते कारण १९४९ च्या कायद्यानं तिला अधिकार दिला आहे, हे खरं. पण त्या सहीच्या आधी कुणीतरी पोत्यावरचं नाव वाचलेलं असावं लागतं.

म्हणूनच मला ‘डमी आर्टिकलशिप’चा संताप येतो. नाव एका फर्ममध्ये, हजेरी कागदावर, आणि मुलगा दिवसभर पुण्यात क्लासला. पालक हे उघडपणे मागतात आणि देणारेही भेटतात. पेपर सुटतात, हे मला मान्य आहे. प्रत्येक पेपरला ४० टक्के आणि ग्रुपला ५० टक्के अभ्यासानं मिळतात. पण असा मुलगा पास होऊन स्टॉक ऑडिटवर सही करायला बसतो तेव्हा त्यानं एकही थप्पी पाहिलेली नसते. १ जुलै २०२३ पासून नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. अभ्यासाला सलग वेळ मिळावा हा हेतू चांगला आहे, पण उरलेली दोन वर्षं तरी कुणी खोटी करू नयेत.

बँकेत गेलेल्यांनाही हेच लागू आहे. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीनं आयबीपीएसची परीक्षा दिली, अधिकारी झाली आणि मराठवाड्यातल्या एका शाखेत रुजू झाली. प्रोबेशनची दोन वर्षं पीक कर्जाच्या फायली, खातेफोड झालेले सातबारे आणि विम्याचं टार्गेट यांत गेली. विहिरीच्या कर्जाचा पुढचा हप्ता सोडायच्या आधी ती गाडीवरून शेतात जाऊन किती खोदाई झाली ते बघून यायची. सहकारी म्हणायचे, फोटो मागवून घ्या. तिनं तसं कधी केलं नाही. आज ती क्रेडिट विभागात आहे, आणि तिची टिपणी वाचली की धंदा डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता मी दर एप्रिलला बँकांच्या शाखा ऑडिटला जाते. खातं थकलं की नाही हे हल्ली यंत्रणाच ठरवते. रिझर्व्ह बँकेनं ते काम माणसाच्या हातून काढून संगणकाकडं दिलं, हे योग्यच झालं, कारण पूर्वी ३१ मार्चला संध्याकाळी खाती ‘बरी’ व्हायची. पण संगणक ९० दिवस मोजतो. त्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट खरं आहे का, हे तो सांगत नाही. म्हणून मी अजूनही शाखेतली दोन-तीन मोठी खाती निवडते आणि गोदाम गाठते.

यंदा जूनमध्ये एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा हुशार, इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप पहिल्या फटक्यात सुटलेले. नाव तुमच्याकडं लावू, तो पुण्याला राहील, स्टायपेंड नको, असं ते म्हणाले. मी त्यांना या सगळ्यातलं निम्मं तरी सांगितलं. मुलगा ऐकत होता, वडील घड्याळ बघत होते. आठवडाभरानं मुलाचा फोन आला. पुण्याची खोली सोडतोय, आणि सोमवारपासून येऊ का, म्हणाला. मी त्याला तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याच्या ऑडिटवर नेमलं आहे. सोबत स्वेटर घे आणि पेट्यांच्या पावत्या कुणाच्या नावावर आहेत ते आधी बघ, एवढं सांगितलं आहे.