फुलपुडीचा हिशेब

मैत्रिणींनो, घरबसल्या काही करावे असे मनात आले की पुष्कळजणींना फुलांचा धंदा सोपा वाटतो. भांडवल थोडे, काम हातातले, आणि वेणी ओवायला तर आपण लहानपणीच शिकलेल्या! पण यातली खरी अडचण फुलांची नसतेच. ओळखीच्या माणसाकडून पैसे कसे मागायचे, ही असते. माझी ती कशी सुटली, ते सांगते.

आम्ही लालबागच्या चाळीतले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत आमचे हेही होते. वर्ष उलटले तरी भोंगा वाजेना. कुणी गावी गेले. जे राहिले, त्यांच्या घरच्या बायका पापड, शिवण, खाणावळ यांत शिरल्या. गिरणगावातल्या खाणावळवाल्यांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते, त्याचा अनेकींना आधार होता. पण आमच्या एका खोलीत सहा माणसे. खाणावळीची पातेली ठेवू कुठे? म्हणून मी फुलपुडी घरोघर द्यायचे ठरवले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवाच्या फुलांचे पैसे शेजारणीकडे मागणार? चाळीत काय म्हणतील?"

त्यांचेही खोटे नव्हते. चाळीत वाटीभर साखर कुणी मोजून देत नाही. मी म्हटले, "आई, फूल देवाचं खरं, पण लोकलचा पास आणि दोरा आपला आहे ना?" त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मी उठायच्या आत चहा तयार होता.

करी रोडहून पहाटेची गाडी धरायची आणि दादरच्या फूलबाजारात उजाडायच्या आत पोचायचे. तिथे सगळे रोखीने. पहिल्या महिन्यात नऊ घरे मिळाली, म्हणून नऊ घरांपुरतीच फुले घ्यायची. अंदाजाने जास्त घेतलेले फूल संध्याकाळी केरात जाते, हे ध्यानात ठेवा. झेंडू, शेवंती टिकतात. जास्वंदीचा जीव एका दिवसाचा. ती कळीच घ्यावी. मोगऱ्याच्याही कळ्याच घ्या, संध्याकाळपर्यंत गजऱ्यात उमलतात. दुर्वा ओल्या फडक्यात राहतात.

चौथ्या महिन्यात पेच पडला. शेजारच्या वहिनींची तीन महिन्यांची बाकी झाली. त्यांच्याकडेही संपच. पैसे मागावे तर त्यांच्या चुलीकडे बघवेना. सोडून द्यावे तर माझ्या चुलीचे काय? आणि एकीला सोडले की बाकीच्यांना कोणत्या तोंडाने मागणार? दोन रात्री झोप नाही. शेवटी वही घेऊन गेले आणि म्हटले, "वहिनी, पुडी बंद नाही करत. पण संध्याकाळचे गजरे तुम्ही ओवा. त्याची मजुरी बाकीत वळती करू."

त्या लगेच बसल्या. पण मजुरी लिहायची किती? आम्ही दोघींनी मिळून गजऱ्यामागे आकडा ठरवला. तो वहीत मांडला तेव्हा लक्षात आले, की वहिनींच्या हातांची किंमत धरली, मग माझ्या हातांची का नाही? त्या दिवसापासून फुले, दोरा, पुडीची पाने आणि पास यांच्याखाली माझी मजुरी लिहू लागले. पुडीचा दर थोडा वाढला. दोन घरे सुटली, पाच नवी आली. वहिनींची बाकी फिटली, पण गजरे त्या पुढेही ओवत राहिल्या. मग मात्र मजुरी रोख.

आता दिवस बदललेत. गिरण्यांच्या जागी टॉवर आलेत, फुले फोनवरूनही मागवता येतात. तरी पहाटे दादरला जाऊन बघा, बाजार तस्साच गजबजलेला असतो. तुम्ही सुरू करणार असाल, तर महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला आगाऊ घ्या. दसऱ्याला झेंडू आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी वेण्या महागतात. त्या दिवसांचा दर निराळा पडेल, हे आधीच सांगून ठेवा. पितृपंधरवड्यात मागणी उतरते, तेव्हा खरेदीही आखडती ठेवा. फुलांबरोबर थोडी वाया जाणारी फुलेही हिशेबात धरा. आणि वहीत स्वतःच्या मजुरीची ओळ अगदी पहिल्या दिवसापासून घाला. कुणी विचारले तर वही पुढे करा. शेजारणी समजूतदार असतात हो. आपणच विचारायला लाजतो.