उत्तरांची पाने

माझा सारा जन्म मराठी शिकवण्यात गेला. गणिताशी माझे सख्य कधीच नव्हते. शाळकरी वयात फळ्यावरचे एक उदाहरण मला सुटले नाही आणि सारा वर्ग हसला. त्या हसण्याची धास्ती मनात अशी बसली की, पुढे महाविद्यालयात मी वाङ्मयाची वाट धरली. वाङ्मयाची गोडी होतीच. परंतु त्या वाटेवर गणित नाही, हाही एक मोठाच दिलासा होता.

मुख्याध्यापक झाल्यावर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असे मी मुलांना नित्य सांगत असे. ज्या विषयाला आपण भ्यालो, त्याच्याकडे मात्र मी कधी वळून पाहिले नाही. सेवानिवृत्तीनंतर ही विसंगती मला बोचू लागली. एके दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानात समाकलनाचे एक पुस्तक दिसले. ते मी विकत घेतले आणि साठी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झालो.

समाकलन म्हणजे काय? चौकोनी शेताचे क्षेत्रफळ तुम्ही सहज काढाल. पण शेताची एक बाजू नदीच्या वळणाने गेली असेल तर? अशा वेळी शेताच्या अरुंद पट्ट्या कल्पाव्यात, प्रत्येक पट्टी आयतासारखी मानावी आणि साऱ्यांची बेरीज करावी. पट्ट्या जितक्या अरुंद, तितकी चूक कमी.

मी आलेखाच्या कागदावर हे करून पाहिले. आडव्या रेषेवर ० पासून १ पर्यंत जेवढे अंतर, त्याच्या वर्गाइतकी उंची घेऊन एक वक्र रेषा काढली. तिच्याखालच्या जागेच्या दहा पट्ट्या केल्या. वक्राच्या आत मावणाऱ्या आयतांची बेरीज ०.२८५ आली, वक्राला झाकणाऱ्या आयतांची ०.३८५. शंभर पट्ट्यांना एक अख्खी सकाळ गेली. बेरजा आल्या ०.३२८३५ आणि ०.३३८३५. खरे क्षेत्रफळ या दोन भिंतींच्या मध्ये कोंडले जात होते. ते होते बरोबर एक तृतीयांश!

आपल्या भास्कराचार्यांनीही गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ काढताना, आवळ्यावरच्या उभ्या रेषांप्रमाणे त्याचे भाग कल्पून बेरीज केली होती. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० सालचा. समाकलनाचे आजचे चिन्ह म्हणजे एक लांबविलेले ‘एस’ हे रोमन अक्षर. बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ते आद्याक्षर असून लाइब्निट्स या जर्मन पंडिताने १६७५ मध्ये ते योजिले. हे कळल्यावर त्या चिन्हाचे भय मला उरले नाही.

रोज पहाटे पाच उदाहरणे सोडवावयाची, असा नेम मी केला. पण पुस्तकाच्या शेवटी उत्तरांची पाने होती. उदाहरण अडले की, बोटे आपोआप तिकडे वळत. पहिल्या आठवड्यातच मी चार वेळा डोकावलो. अखेर सुई-दोरा घेऊन मी ती पाने शिवून टाकली. पत्नी हसून म्हणाली, “अहो, या वयातही मोह आवरायला सुई लागते का?” मी म्हटले, “वयाने मोह जात नाही. शिवणीने निदान अडतो.”

मग एक नवल ध्यानात आले. समाकलनाचे उत्तर पडताळण्यास दुसऱ्या कोणाची गरजच नसते. त्याच्या उलट क्रियेला अवकलन म्हणतात. उत्तराचे अवकलन केले आणि मूळ प्रश्न परत मिळाला, की उत्तर बरोबर.

प्रकरण संपल्यावर मी शिवण उसवली. एक उत्तर माझ्या उत्तराहून निराळे होते. मी खिन्न झालो. पुन्हा सोडविले, तरी तेच आले. शेवटी दोन्ही उत्तरांचे अवकलन केले, तो काय आश्चर्य! दोन्ही एकाच प्रश्नापाशी येऊन पोहोचली. त्यांच्यात केवळ एका ठरावीक संख्येचा फरक होता. दोन वेल रोज सारखेच वाढतात. एक जमिनीतून निघालेला, दुसरा ओट्यावरून. वाढ एकच, उंची मात्र निराळी. प्रश्नाने वाढ सांगितली होती. आरंभ कोठून, हे सांगितले नव्हते. म्हणून दोन्ही उत्तरे खरी होती.

त्या क्षणी मला एक जुना विद्यार्थी आठवला. पावसावरच्या एका कवितेत साऱ्या वर्गाला आनंद दिसला. त्याने लिहिले होते, ‘कवीला पावसाचे भय वाटत असावे.’ मी त्यावर लाल रेघ ओढली. “सर, माझे कोठे चुकले?” असे त्याने हळूच विचारले. “उत्तर असे नसते,” एवढेच मी म्हणालो. त्याने कवितेतल्याच ओळींचा आधार दिला होता. तो मी तपासलाही नव्हता.

तो मुलगा आता कोठे असेल, मला ठाऊक नाही. त्याचे गुण मी त्याला परत देऊ शकत नाही. म्हणून, मुलांनो, हे तुम्हांला सांगतो. आपले उत्तर निराळे आले तर लगेच खोडू नका आणि हट्टानेही धरून बसू नका. आलेल्या वाटेने मागे जाऊन ते पडताळून पाहा.

उत्तरांची पाने मी पुन्हा शिवली आहेत. पुढचे प्रकरण उद्या पहाटे सुरू करावयाचे आहे.