भुतांचा ताळेबंद

भूत हा मुळात काटकसरी प्राणी. त्याला रेशनकार्ड लागत नाही, कपडा एकच, तोही पांढरा. आणि जागा लागते ती पडीक. हे मर्म आपल्याकडे नेमकं ओळखलं रामसे बंधूंनी. वडील मूळचे रेडिओचे दुकानदार, मुलगे सात. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ साफ पडला. पण पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून येतात तेवढ्या प्रसंगाला पब्लिक खूष होतं, हे मुलांनी हेरलं. मग काय! सगळं बिऱ्हाड घेऊन मंडळी महाबळेश्वरला गेली आणि ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) घेऊन परतली. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक आवाजाला, दोघे दिग्दर्शनाला. आमच्या बँकेत ३१ मार्चलासुद्धा इतकी माणसं एका दिशेनं हलत नाहीत.

हेच बंधू १९९३ साली ‘झी हॉरर शो’मधून थेट आमच्या बैठकीच्या खोलीत शिरले. पाठोपाठ १९९५ साली सोनीवर ‘आहट’ आली. दारांना तेल घालायचं नाही, असा दोन्हीकडे नियम असावा. आम्ही सहाजण एका सतरंजीवर. आई तांदूळ निवडण्याच्या निमित्तानं मान वर करीत नसे. धाकटा भाऊ चादरीच्या भोकातून पाही. बाबा म्हणत, “सगळं थोतांड आहे! भुतंबितं नसतात.” मात्र नंतर मोरीकडे निघताना, “चल रे, तुलाही जायचं असेल,” म्हणून मला बरोबर नेत.

परवा ‘पुराना मंदिर’ (१९८४) पुन्हा पाहिला. मोबाइलवर, कानांत ती बोंडं खुपसून. सामरी आला. एकेकाळी याच्या नुसत्या नावानं घाम फुटे. पण तो नट शिक्षणानं इंजिनिअर, हे आता ठाऊक झालेलं. इंजिनिअरला कोण भितो? शिवाय सामरीचं मुंडकं हवेलीत आणि धड जुन्या देवळाशी; दोहोंचा मेळ बसेपर्यंत काम तुंबलेलं. मुख्य कार्यालय आणि शाखा, दुसरं काय! भीती वाटण्याऐवजी मला त्याच्याबद्दल आपुलकीच वाटू लागली.

चूक सामरीची नव्हती. तो पूर्वीइतकाच मन लावून गुरगुरत होता. पण सतरंजीवर मी एकटा. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊ टोरांटोला, आमची रात्र म्हणजे त्याचा ऑफिसचा दिवस. आमची भीती हे जॉइंट खातं होतं हो! एकट्याच्या सहीनं त्यातून छदामही निघत नाही.

तेव्हा खात्यावर नवं नाव चढवायचं ठरवलंय. शनिवारी लेकीला घेऊन ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) लावणार आहे. ती म्हणाली, “बाबा, भुतंबितं नसतात.”

म्हटलं, “तुझे आजोबाही हेच म्हणायचे. तू आपली जवळ बस.”