कॉमन सामान

अनंत चतुर्दशी झाली की लालबाग दोन दिवस झोपून असतं. घसे बसलेले, पाय सुजलेले. आणि त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर मेसेज पडतो: 'शुक्रवारी रात्री हरिश्चंद्रगड. कॉमन सामान कोण काय घेतंय?'

ट्रेक करणाऱ्यांना हे दोन शब्द बरोबर कळतात. कपडे, टॉर्च, पाणी आपापलं. टोप, तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, ताडपत्री सगळ्यांचं. जे सगळ्यांचं, ते कोणाच्या तरी एकाच्याच पाठीवर जातं.

गेल्या वर्षी माझ्या नावापुढे टोप होता. आईचा जुना, जर्मनचा, पाच जणांची खिचडी मावेल असा. पण त्या वीकेंडला मी ऑनकॉल होतो. सर्व्हर पडला तर उठायचं कोणी? मी. म्हणून लॅपटॉप, चार्जर, दोन पॉवरबँक असं सगळं सॅकमध्ये कोंबलं. टोप हातात घेऊन करी रोड स्टेशनवर गेलो आणि म्हणालो, "माझी सॅक फुल आहे रे."

शेटने टोप घेतला. त्याच्याकडे आधीच दोन किलो तांदूळ आणि डाळ होती. शेट हे नाव आम्हीच पाडलेलं. तो परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नाइट करतो आणि माझ्यापेक्षा दहा किलोने तरी हलका आहे. टोप आत मावेना, तेव्हा त्याने तो सॅकला बाहेरून बांधला. चिवडा गल्लीतून आणलेला चिवडा मात्र मी आठवणीने माझ्याकडे ठेवला होता.

कल्याणच्या एसटी स्टँडवर डासांनी झोपू दिलं नाही. पहाटेच्या गाडीने माळशेज घाट चढून खुबी फाट्याला उतरलो. धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर, तिथून रानातून तोलार खिंड. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. त्याच्याजवळ बसून चिवडा संपवला आणि पुढचा कातळ चढायला लागलो. तिथे रेलिंग आहे, पण सप्टेंबरात खडक ओला असतो आणि धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नाही.

शेट माझ्या पुढे होता. त्याचा पाय सटकला. बाहेर लटकणाऱ्या टोपाने सॅक मागे खेचली आणि तो पाठीवर कलला. टोप खडकावर ठणकन आपटला. त्याच्या हातात रेलिंग आलं, म्हणून वाचला. तो हसला, "आई शप्पथ!" म्हणाला आणि चढत राहिला. मला हसू आलं नाही. टोपाला पडलेला पोचा पुढचे दोन तास माझ्या डोळ्यांसमोर हलत होता.

वर पठारभर सोनकी फुलली होती. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरलो. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे तिथे. सगळे त्या खांबाचे फोटो काढत होते. मी फोन उघडला तर नेटवर्कची एकही दांडी नाही. माझा तीन किलोचा ऑनकॉल मी उगाच गडावर आणला होता.

संध्याकाळी पाऊस आला. झोपडीत भाकऱ्या करणाऱ्या मावशींनी आपली चूल दिली. टोप बघून ओरडल्या, "बुडाला माती नाय लावली? काळा ठिक्कर होईल!" तोवर खिचडी शिजायला लागली होती. पाच जण, तीन ताटल्या. उरलेल्या दोघांनी टोपातच हात घातला. मीठ कमी होतं, तळ करपला होता, तरी खरवड कोणाला यावर भांडणं झाली. रात्री गुहेत ओल्या जमिनीवर चाळीच्या गॅलरीत झोपायचो तसे ओळीने झोपलो. एक वळला की सगळे वळायचे.

सकाळी कोकणकड्यावर दहा मिनिटं ढग बाजूला झाले आणि खालचं कोकण दिसलं. कोणी काही बोललं नाही.

परत निघताना मी शेटच्या सॅकवरून टोप सोडवला. आमच्यात सॉरी म्हणायची पद्धत नाही. त्याने विचारलं, "लॅपटॉप?"

"तोही राहील. बाहेर बांधतो."

"मग हे पण घे," म्हणून त्याने उरलेले कांदे माझ्या हातात दिले.

उतरताना टोप पाठीवर बडवत राहिला. मागून ओढणारं वजन काय असतं, ते त्या कातळावर कळलं.

रात्री घरी पोचलो तेव्हा शर्टाची पाठ काजळीने काळी झाली होती. आईने आधी टोप बघितला. "बुडाला माती लावली नव्हती?"

मोरीत बसून नारळाच्या शेंडीने अर्धा तास घासला. काळं गेलं. पोचा आहे.

यंदा ग्रुपवर मेसेज पडला, तेव्हा मी पहिल्यांदा लिहिलं: 'टोप मी. तांदूळही मी.' आणि ऑनकॉल त्या आठवड्यात दुसऱ्या कोणाशी तरी बदलून घेतला.