कर्ज फिटलं, डाव राहिला

‘जुगाराचं व्यसन : लक्षणं आणि उपाय’ असा विषय संपादकांनी दिला आणि वर बजावलं, ‘‘डॉक्टर, तांत्रिक काही नको. घरातल्या बायाबापड्यांना कळेल असं लिहा.’’ हा आजार बायाबापड्यांना मानसोपचारतज्ज्ञाच्या कितीतरी आधी कळतो, हे संपादकांना कोण सांगणार! प्रस्तुत लेखकाच्या दवाखान्यात असा रुग्ण स्वतःच्या पायांनी सहसा येत नाही. त्याला आणलं जातं. आणणारी बायको असते, नाहीतर आई, आणि तिच्या पर्समध्ये कुठला तरी कागद असतो : सोनेतारणाची पावती, बँकेची नोटीस, जामीनदाराला आलेलं पत्र.

अशाच एका बाईंच्या पर्समधून मुलाची चौथीची वही निघाली. मागच्या कोऱ्या पानांवर तारखा घालून त्यांनी नोंदी केल्या होत्या. नवरा तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट. संध्याकाळी बाजारपेठेतून पन्नास-शंभर-दोनशे गोळा करायचे, मशीनवर पावती काढून द्यायची, दुसऱ्या दिवशी भरणा करायचा. (गाव ओळखू येणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.) वहीत होतं : ‘मोबाइल उपडा ठेवतात.’ ‘संडासात पाऊण तास.’ ‘दाजींकडून १५ हजार घेतले. मला म्हणाले, मशीन बिघडलं, खिशातून भरावे लागले. दाजींना सांगितलं, माझं ऑपरेशन आहे.’ ‘आज खूप खूश. पोरांना पिझ्झा.’ ‘आज जेवले नाहीत. मॅच होती.’

इतका नेटका केसपेपर आमचे निवासी डॉक्टरही लिहीत नाहीत.

नातेवाइकांना यातली दाजींची नोंद बोचते. तज्ज्ञाची नजर पिझ्झावर थांबते. दारू प्यायलेल्या माणसाचा वास येतो, झोक जातो. जुगाऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही; दिसतो तो त्याच्या मूडचा आणि खिशाचा न जुळणारा हिशेब. पगार तोच, घरखर्च तोच, पण एका दिवशी अचानक दिलदारी आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या वह्यांवरून आरडाओरडा. सामन्यांचं वेळापत्रक शेजारी ठेवलं की दोन्हींचा उलगडा होतो.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत हा आजार पहिल्यांदा आला १९८० साली, तोही ‘आवेग आवरता न येणं’ या वर्गात, चोरीच्या आणि आगी लावण्याच्या विकृत ओढीच्या पंगतीत. २०१३ च्या आवृत्तीत त्याला तिथून उठवून दारू, अफू, तंबाखूच्या रांगेत बसवलं. निदानाला नऊ निकष. बारा महिन्यांत त्यांतले चार जुळले की पुरे. संपादकांची माफी मागून त्यांतला एक बदल सांगतो. आधीच्या यादीत दहावा निकष होता : पैशासाठी अफरातफर, चोरी, खोट्या सह्या. तो २०१३ मध्ये काढून टाकला, कारण इतक्या थराला गेलेल्या माणसात बाकीचे निकष तोवर जुळलेलेच असतात. पिग्मीच्या पैशाला हात लागला तेव्हा आजार सुरू झाला, असं घरचे समजतात. वही सांगते की तो त्याच्या बराच आधीपासून होता.

नऊही निकष इथे देत नाही. त्यांतले दोन पुरेसे बोलके आहेत. एक, हरलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं. हौशी माणूस हरला की शिव्या घालून उठतो. हा हरला की बसतो. हेन्री लेझ्यूर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याच पाठलागावर आख्खं पुस्तक लिहिलं. दोन, खोटं बोलणं. १९९७ मध्ये संशोधकांनी चाचणी इतकी आटवली की दोनच प्रश्न उरले : दिवसेंदिवस जास्त पैसे लावावेसे वाटले का? जवळच्या माणसांशी त्याबद्दल खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर पुढची तपासणी करावी. ही काही निदानाची मोहोर नव्हे, चाळणी आहे.

रकमेचा यात संबंध नाही. दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी तीन पत्ती रंगलेली असेल. जुनी पंचांगं तर त्या दिवसाला द्यूतप्रतिपदाच म्हणतात. आत्याबाई पाचशे रुपये हरून रुसतील, त्या रुग्ण नव्हेत. उलट रोज वीस रुपयांचा आकडा लावणारा आणि त्यासाठी बायकोच्या डब्यातून चिल्लर उचलणारा हमाल रुग्ण असू शकतो.

मटका ही मुंबईची देणगी. आधी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या-मिटत्या दरांवर पैसे लागत. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याण भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली. ओपन, क्लोज, जोडी, पाना ही भाषा गिरणगावातून राज्यभर गेली. गणित उघडं आहे : आकडे दहा, लागला तर एकाला नऊ. म्हणजे शंभरातले दहा रुपये आकडा निघण्याआधीच गेले. हे न कळणारा एकही रुग्ण पाहिलेला नाही. कळून फरक पडत नाही, हीच तर तक्रार आहे!

फरक का पडत नाही, याचा थोडा पत्ता मेंदूत लागतो. सत्तेचाळीसची जोडी लावली आणि अठ्ठेचाळीस आली, तर लावणारा ‘हरलो’ म्हणत नाही, ‘एकाने हुकली’ म्हणतो. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की अशा थोडक्यात हुकलेल्या डावाने जिंकल्यावर जागे होणारेच काही भाग जागे होतात आणि खेळत राहायची इच्छा वाढते. त्याहून चकित करणारी गोष्ट कंपवाताच्या रुग्णांची. डोपामिनसारखं काम करणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधं घेताना काही सभ्य, काटकसरी म्हाताऱ्यांना अचानक जुगाराचं वेड लागलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने असे ११ रुग्ण नोंदवले. बऱ्याच जणांत औषध कमी किंवा बंद करताच वेडही ओसरलं. ‘संस्कार कमी पडले’ म्हणणाऱ्या मामा-काकांना ही गोष्ट लेखक आवर्जून सांगतो. मामा-काका मान डोलावतात आणि बाहेर पडताना विचारतात, ‘‘लग्न करून दिलं तर सुधारेल ना?’’

आता लेखकाचा आवडता वाद. संपादकांनी कात्री लावली तरी हरकत नाही.

आपल्या कायद्याने कित्येक दशकं एकच प्रश्न विचारला : खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १९५७ मध्ये बक्षीस-स्पर्धांच्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ आखली. १९६७ मध्ये रमी कौशल्याच्या बाजूला गेली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत. कायद्याच्या दृष्टीने भेद ठीक असेल. पण मोबाइल आल्यावर पैसे लावून खेळायच्या ॲपना त्याच रेघेचं कवच झालं आणि ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य क्रिकेटपटूंच्या तोंडून घराघरांत गेलं. दवाखान्यात मात्र ते वाक्य लक्षण म्हणून ऐकू येतं. मटकेवाला हरला की नशिबाला बोल लावतो. आमचा पिग्मी एजंट हरला की स्वतःला बोल लावायचा : खेळपट्टीचा अभ्यास कमी पडला, डावखुऱ्या फिरकीचं गणित चुकलं. अभ्यास कमी पडलेला विद्यार्थी काय करतो? पुन्हा परीक्षेला बसतो.

एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७५ चा प्रयोग इथे आठवतो. एक डॉलरची लॉटरीची तिकिटं काहींना स्वतः निवडू दिली, काहींच्या हाती नुसती ठेवली. मग विचारलं, तिकीट परत विकाल तर कितीला? ज्यांच्या हाती ठेवलं होतं त्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आसपास मागितले. ज्यांनी निवडलं होतं, त्यांनी साडेआठाच्या वर! दोघांचं नशीब तंतोतंत सारखं. नुसतं बोट ठेवून निवडण्याने एवढा भ्रम होत असेल, तर ॲपवर अकरा खेळाडू, कर्णधार आणि उपकर्णधार निवडल्यावर किती होईल?

लेखकाचे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, तू उगाच कौशल्याच्या मागे लागतोस. खरं विष वेगात आहे. कल्याण मटक्याचा निकाल दिवसातून दोनदा, स्लॉट मशीनचा काही सेकंदांत, त्यामुळे निव्वळ नशिबाची मशीनच जास्त घातक. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि हा वाद अजून लेखकाच्या मनात पुरता मिटलेला नाही. फोनवर तर दोन्ही एकत्र आलेत : पुढच्या चेंडूवर पैसे, आणि वर अभ्यासाचा आव.

आणि जुगार कशाला म्हणायचं, हेही एकदा ठरवायला हवं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीप्रमाणे शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन आर्थिक वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे घालवले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. यातला प्रत्येक जण रुग्ण नाही, बहुतेक नाहीतच. पण गुरुवारची एक्स्पायरी चुकली म्हणून मंगळवारी दुप्पट लावणारा, बायकोला ‘एसआयपी चालू आहे’ सांगणारा अभियंता दवाखान्यात येतो तेव्हा घरचे म्हणतात, ‘‘जुगार नाही हो, ट्रेडिंग करतो.’’ रमीचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचं प्रकरण गाजलं. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. वाहिन्यांवर चर्चा झाल्या त्या सभागृहाच्या प्रतिष्ठेच्या. रमीने उठलेल्या घरांचं कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. जवळजवळ सात दशकांची ती रेघ एका फटक्यात पुसली, याचा लेखकाला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आनंद फार टिकला नाही. पिग्मी एजंटच्या वडिलांनी फोन करून सांगितलं, ‘‘डॉक्टरसाहेब, आता सरकारनंच बंद केलं. गोळ्या थांबवल्यात.’’ दिवाळीच्या आधी मुलगा एका परदेशी साइटचा आयडी घेऊन खेळत होता. पैसे टेलिग्रामवरच्या कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात जात होते.

या प्रकरणात खरं सलतं ते वेगळंच. वडिलांनी तोवर दोनदा कर्ज फेडलं होतं. दुसऱ्या वेळी अर्धा एकर विकून. दोन्ही वेळा मुलाने देवापुढे हात ठेवून शपथ घेतली, आणि ती घेताना तो खोटं बोलत नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तातला जुगारीही असाच, यापुढे मित्रांबरोबर जायचं नाही असं ठरवतो आणि बेहड्याचे फासे खळखळले की तिकडे धावतो. त्या सूक्तातले आई-बाप, भाऊ मात्र म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. आपली घरं या दोन टोकांमध्ये हेलकावतात : एक तर ‘शेवटचं एकदाच’ म्हणून सगळं फेडायचं, नाहीतर नाव टाकायचं. पहिल्यामागे मायाच असते. पण आजारी मेंदूला त्याचा अर्थ इतकाच लागतो, की कितीही हरलं तरी शेवटी जॅकपॉट लागतो आणि तो बाबांच्या सातबाऱ्यावर असतो. ‘पैशाच्या संकटातून सोडवायला दुसऱ्यांवर विसंबणं’ हा नऊ निकषांतला एक निकष आहे, हे वडिलांना समजावताना जीभ जड होते.

मग करायचं काय? कर्जाची यादी एका कागदावर, सगळ्यांसमोर. लपवलेलं एखादं कर्ज दुसऱ्या बैठकीत निघतंच, त्यावर चिडू नये. फेड त्याच्याच कमाईतून, हप्त्याने. पैसे त्याच्या हातात न देता थेट देणेकऱ्याला. पगार बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर, त्याच्या फोनवरचं यूपीआय बंद, खर्चाला मोजकी रोकड. पंधरवड्याने सिबिलचा अहवाल पाहावा. त्याला हे अपमानास्पद वाटतं. पाय मोडल्यावरचं प्लास्टरही काही शोभेचं नसतं. वसुलीवाले धमक्या देत असतील तर पोलिसांत जावं. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक आहे.

उपचारांत सर्वांत भरवशाची ती बोलण्याची पद्धत, म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार : कोणत्या वेळी, कोणत्या मूडमध्ये, कुणाच्या फोननंतर हात मोबाइलकडे जातो हे रुग्णाबरोबर बसून टिपायचं, ‘आता लागणारच’ या विचाराची उलटतपासणी घ्यायची. खास या आजारासाठी मान्यता मिळालेलं औषध अमेरिकेतही नाही. दारू-अफूच्या व्यसनात वापरतात ते नाल्ट्रेक्सोन काहींना उपयोगी पडतं. सोबत नैराश्य असेल तर त्याचे उपचार वेगळे. ‘‘एखादी स्ट्राँग गोळी द्या’’ म्हणणाऱ्यांची निराशा होते. लॉस एंजेलिसमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या ‘गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस’सारख्या गटांची आपल्याकडे, विशेषतः तालुक्याच्या गावी, मोठी वाण आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापराचं खास क्लिनिक आहे, पण पिग्मी एजंटने बंगळुरूला किती वेळा जायचं?

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकायची नाही. उपचाराला आलेल्या जुगाऱ्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेलेले असतात आणि सुमारे १७ टक्क्यांनी प्रयत्न केलेला असतो, असं ती २०१३ ची निदानसूचीच सांगते. धोका सर्वांत जास्त कधी? कर्ज उघडं पडतं त्या रात्री. घरात आरडाओरडा, भाऊबंद जमलेले, कुणी तरी म्हणतं, ‘‘आता तोंड दाखवू नकोस.’’ त्या रात्री हिशेब करू नयेत. त्याला एकटं सोडू नये, कीटकनाशकाचे डबे कुलपात टाकावेत, आणि ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. सकाळी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं. सकाळपर्यंत थांबवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि पलीकडच्या माणसाशी मराठीत बोलता येतं.