पैनगंगेकांठचें मेहकर आणि एक काळें कार्ड

वऱ्हाड पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा शेगांवास उतरतो, लोणारच्या सरोवरास वळसा घालतो आणि परत आपल्या गांवची वाट धरितो. मेहकर त्याच्या वाटेवर असतें. परंतु चहापुरतें थांबण्यापलीकडे तो त्या गांवाची विचारपूस करीत नाहीं. आम्हांस हें बरें वाटत नाहीं. पैनगंगेच्या कांठीं वसलेलें हें गांव अकबराच्या अमदानींत वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें. मेघंकर नांवाच्या दैत्याचा विष्णूनें शार्ङ्गधर होऊन येथें वध केला, त्यावरून मेहकर, अशी नांवाची कथा गांवांत सांगतात. सन १८८८ मध्यें येथें जमिनींतून काळ्या पाषाणाची शार्ङ्गधराची भव्य मूर्ति निघाली. तीच आज बालाजी या नांवानें पूजिली जाते. मूर्तीपुढें मान वर करूनच उभें राहावें लागतें, आणि कोरीव काम इतकें सफाईचें कीं पाषाणाचा क्षणभर विसर पडावा.

या १८८८ सालाची आम्हांस आणखी एका कारणानें गंमत वाटते. त्याच सुमारास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत संत्र्यालिंबांच्या बागा एका खवलेकिडीनें बुडत चालल्या होत्या, आणि तीवर उतारा म्हणून ऑस्ट्रेलियाहून एक चिमुकला ढालकिडा आणविण्यांत आला. थोड्याच काळांत बागा सुटल्या. किडीनें कीड मारावी, या विद्येचा अर्वाचीन इतिहास बहुधा तेथून मोजतात. आपल्याकडेहि ही विद्या अगदींच परकी नाहीं. माळांवर माजलेल्या फड्या निवडुंगाचा बंदोबस्त १९२६ मध्यें सिलोनहून आणिलेल्या कोशिनील किड्यानें केला. आणि अलीकडे पपईवर पिठ्या ढेकूण पसरला, तेव्हां २०१० मध्यें परदेशांतून आणिलेल्या एका सूक्ष्म गांधीलमाशीनें तो आटोक्यांत आणिला. आम्ही मेहकरास गेलों तों देवदर्शनाइतकेंच या विद्येचें वऱ्हाडी रूप पाहावयास.

अकोल्याहून पातूर, मालेगांव, डोणगांव असा रस्ता. भाद्रपदाचे दिवस होते. दोन्ही बाजूंस सोयाबीन गुडघ्याइतकें, मधून मधून पऱ्हाटीचे पट्टे आणि तुरीच्या ओळी. एके काळीं वऱ्हाड म्हणजे कापूस असें समीकरण होतें. मेहकरच्या बाजूस आतां सोयाबिनानें कापसास पुष्कळ मागें रेटलें आहे. तरी ज्यांनीं पऱ्हाटी सोडली नाहीं त्यांपैकीं एका घरीं आमचा मुक्काम होता. घर एकत्र, जेवावयास दोन पंगती. शेतीचें सर्व पाहणारा धाकटा मुलगा कृषि शाखेचा पदवीधर. त्यानें हातपाय धुण्यास पाणी दिलें आणि लगेच आम्हांस स्वयंपाकघरांतील फ्रिजपुढें नेलें.

खालच्या कप्प्यांत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. डब्यांत पोस्टकार्डाएवढे जाड कागद, आणि त्यांवर खसखस चिकटवावी तसे काळे दाणे. एका कार्डावर सुमारें वीस हजार. "काका, हे दाणे नव्हेत, अंडीं आहेत," तो म्हणाला, "आणि अंड्यांत अंडीं घातलेलीं आहेत."

वाचकांस कीटभृंगन्याय ठाऊकच आहे. कुंभारीण माशी अळी धरून आपल्या मातीच्या घरांत कोंडते, आणि कांहीं दिवसांनीं तेथून माशीच बाहेर पडते. त्यावरून अळी ध्यासानें माशी झाली, असा दृष्टांत आपल्या वेदांत्यांनीं योजिला. दृष्टांत म्हणून तो गोड आहे. प्रत्यक्षांत माशी त्या अळीवर आपलें अंडें घालते, आणि अंड्यांतून निघालेलें पिलूं ती अळी खाऊन मोठें होतें. कार्डावरील प्राणी याच कुळांतला, पण अंगानें अर्ध्या मिलिमीटरहून मोठा नव्हे. त्याचें नांव ट्रायकोग्रामा. त्याची मादी अळी होण्याचीहि वाट पाहत नाहीं; पतंगानें घातलेल्या अंड्यांतच ती आपलें अंडें घालते, आणि त्यांतून बोंडअळीच्या जागीं गांधीलमाशी निघते. पीक खाणारें तोंड जन्मासच येत नाहीं.

हीं कार्डें करण्याची कृति ऐकून घरांतील स्त्रीवर्गास सर्वांत अधिक मौज वाटली. कारण तिच्यांत स्वयंपाकघरांतील जुना शत्रु कामास लाविलेला आहे. तांदळांत, रव्यांत जाळीं करणारी जी अळी, तिचा पतंग प्रयोगशाळांतून मुद्दाम पाळतात. ज्वारीचा भरडा तापवून निर्जंतुक करावयाचा, त्यांत शेंगदाण्याचें कूट, थोडें यीस्ट व किंचित् गंधक मिसळावयाचें, आणि अडीच किलोच्या टबांत पतंगाचीं चिमूटभर अंडीं सोडावयाचीं. सुमारें चाळीस दिवसांनीं पतंग निघूं लागतात. त्यांस जाळीच्या पिंपांत ठेविलें कीं अंडीं खालीं पडतात. तीं चाळून, पंखांचा भुसा उडवून स्वच्छ करितात. हा भुसा नाकांतोंडांत जाऊन दम्यासारखा त्रास होतो, म्हणून काम करणारांस तोंड बांधून बसावें लागतें. मग अंड्यांवर अतिनील किरण सोडून आंतील गर्भ मारितात, अंडीं डिंकानें कार्डावर बसवितात, आणि जेथें ट्रायकोग्रामा निघत आहे अशा कार्डासह पिशवींत बंद करितात. तीनचार दिवसांत अंडीं काळीं पडलीं म्हणजे काम साधलें. सातव्याआठव्या दिवशीं माश्या बाहेर येतात. सारें कारखान्यासारखें सुरळीत चालतें असें मात्र समजूं नये. ब्रॅकॉन नांवाची दुसरी एक गांधीलमाशी या टबांत शिरली तर पाळलेल्या अळ्यांचाच फडशा पाडते. शेतांत जी मित्र, ती या खोलींत चोर!

आतां फ्रिजाविषयीं. माश्या निघावयाच्या त्या सातव्याआठव्या दिवशीं निघणारच. पण पतंगांनीं शेतांत अंडीं त्याच दिवशीं घातलीं पाहिजेत, असा कांहीं करार नाहीं. म्हणून काळें पडलेलें कार्ड सुमारें दहा अंश उष्णतामानांत ठेवितात. आंतील जीव मरत नाहीं, त्याची वाढ मंदावते. आणि असें कार्ड तीन आठवड्यांपर्यंत राखतां येतें. बाहेर काढिल्यावर दोनतीन दिवसांत माश्या निघतात. बर्फाच्या कप्प्यांत ठेविलें तर सर्व संपलें. आणि मुदतीपलीकडे ठेविलें तर निघणाऱ्यांची संख्या घटते, कित्येकांचे पंख चुरगळलेले असतात. फ्रान्सांत मक्याच्या अळीसाठीं याच जातीचे दुसरे कीटक कित्येक महिने गाढ निद्रेंत ठेवितात, म्हणजे हिवाळ्यांत तयार केलेला माल उन्हाळ्यांत सोडतां येतो. थंड देशांतील कीटकांस ही दीर्घ झोंप निसर्गानेंच शिकविली आहे. आमच्या उष्ण देशांतील जातींस ती तशी साधत नाहीं. यामुळें येथें सारा खेळ वीसएकवीस दिवसांचा. त्यांत भारनियमन झालें, किंवा एस. टी. च्या उन्हांतल्या टपावर पार्सल चुकून राहिलें, तर कार्डावर नुसतीं टरफलें उरतात.

घरांतील आजींस आम्हीं भीतभीतच विचारिलें, कीं दह्यादुधाच्या शेजारीं हें तुम्हीं कसें चालूं दिलें? आजी म्हणाल्या, "पहिल्या वर्षीं मीं डबा अंगणांत ठेवायला लावला होता. पण पऱ्हाटीवर विष मारून आलेला आमचा सालदार याच ओट्यावर ओकत पडला. त्याची बायको पाय धरायला लागली. त्यापेक्षां किडे बरे. खालचा कप्पा मात्र त्यांचा. वर यायचें नाहीं."

सालदार वांचला. सगळेच वांचत नाहींत. २०१७ च्या पावसाळ्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. माणसाच्या उंचीची दाट पऱ्हाटी, उकाडा, दोनतीन औषधें एकत्र कालवून मारणें, तोंडावर नुसता रुमाल: अशा स्थितींत फवारा उलटून अंगावरच येतो. त्याच वर्षीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापूस पोखरला. बीटी कपाशी २००२ मध्यें आली तेव्हां बोंडअळीचें नांव पुसलें असें पुष्कळांस वाटलें होतें; गुलाबी अळीनें तें विष पचविलें. ती बोंडांत शिरल्यावर वरून मारिलेलें औषध तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. यासाठींच अंड्यावर घाव घालणाऱ्या कीटकाचें महत्त्व.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं आम्ही शेतांत गेलों. आदल्या तीन रात्रीं कामगंध सापळ्यांत रोज आठांवर पतंग सांपडले होते. ही धोक्याची खूण. मुलानें कार्ड फाडून तुकडे केले आणि एकेक तुकडा पानाच्या खालच्या बाजूस टाचला. हेक्टरीं दीड लाख कीटक, आठवड्याच्या अंतरानें पुन्हा पुन्हा, असा हिशेब. पानाखालीं टाचण्याचें कारण ऊन व पाऊस. तरी मुंग्यांनीं गांठलें तर इलाज नाहीं. काम इतकें शांत चाललें होतें कीं फवारणीच्या पंपाची घरघर ऐकण्याची संवय झालेल्या आमच्या कानांस कांहींतरी चुकल्यासारखें वाटलें.

हीं कार्डें तुरीवर कां लावीत नाहीं, असें आम्हीं विचारिलें. तुरीच्या कळ्याशेंगांवरील चिकट लव या सूक्ष्म माशीस फिरूं देत नाहीं. हरभऱ्यावर तर विचारूंच नये. त्याची आंब आपल्या बोटांस झोंबते, मग हिची काय कथा! उसावरील खोडकिडीसाठीं मात्र पश्चिम महाराष्ट्रांत हीं कार्डें पुष्कळ वापरतात. कार्ड हें सर्व पिकांवरचें रामबाण औषध आहे, असा त्या मुलाचा मुळींच दावा नव्हता, आणि म्हणूनच त्याचें बोलणें आम्हांस विश्वसनीय वाटलें.

खरी अडचण धुऱ्यापलीकडे होती. शेजारच्या शेतांत त्याच दिवशीं दुपारीं फवारणी ठरलेली. वारा पश्चिमेचा, विष इकडे आलें तर अळी राहील आणि माशी मरेल. मुलगा धुऱ्यावरूनच शेजाऱ्यास म्हणाला, "भाऊ, आठ दिवस थांबा. तुमच्याहि चार ओळींना मी कार्डें लावून देतों." शेजाऱ्यानें पंप खालीं ठेविला नाहीं, पण भरलाहि नाहीं. "आठ दिवसांत अळी पडली तर नुकसान कोण भरून देणार?" त्याचा प्रश्न रास्त होता. बराच वेळ दोघे बोंडें फोडून पाहत राहिले. अखेर मधल्या दहा ओळी सोडून पलीकडेच, आणि तेंहि वारा पडल्यावर संध्याकाळीं फवारावें, असें ठरलें.

आम्ही निघालों तेव्हां डब्यांत चार कार्डें शिल्लक होतीं, आणि त्यांच्या मुदतीचे अकरा दिवस. दोन शेजाऱ्याच्या नांवें बाजूस काढून ठेविलेलीं आजींनीं आम्हांस दाखविलीं.