बर्फाआधी पाणी

बर्फ हा आपल्या घरांत कधीच निमूटपणे स्वीकारला गेलेला पदार्थ नाही. बावीस अभक्ष्यांत हिम आणि गारा यांची गणना असल्यामुळे सरबतात बर्फाचा खडा दिसला, की वडीलधारी मंडळी पेला बाजूला सारतात. सांगलीतील हळदीच्या एका अडत्याच्या घरीही हाच रिवाज होता. तरीही चिरंजीवांनी सहाव्या मजल्यावरील नव्या सदनिकेसाठी मोठा, दोन दारांचा रेफ्रिजरेटर आणला. नळाच्या पाण्याची बारीक नळी त्याला मागून जोडली, की तो आपोआप बर्फ पाडतो. अण्णांना हा खर्च रुचला नव्हता. पण ते बोलले नाहीत. व्यापाऱ्याच्या घरात असे न बोलणे पुष्कळ दिवस पुरते.

पुढे आक्कांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी दिवसातून अनेकदा बर्फाने शेकण्यास सांगितले आणि नेमके त्याच आठवड्यात यंत्र रुसले. आधी खडे पोकळ व लहान पडू लागले, मग पडेनासेच झाले. सुनेने साध्या साच्यांत बर्फ लावून वेळ भागवली. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने पाच मिनिटांत निदान केले, की बर्फाचा सगळा भागच बदलावा लागेल. रक्कम ऐकून चिरंजीवांनी मान खाली घातली. आता अण्णा बोलणार, हे त्यांना ठाऊक होते. अण्णांनी एवढेच विचारले, "माल पोहोचला नाही, तर आपण आधी गोदाम पाडतो, की गाडी निघाली का ते विचारतो?"

मग गाडीचा माग सुरू झाला. बर्फाचे बटण चालू होते, फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश होते. दारातल्या नळाखाली पेला धरला, तर धार दोऱ्याएवढी. येथेच अर्धे उत्तर मिळाले. तेथे भरपूर पाणी आले असते, तर दोष बर्फाच्या भागात शोधणे रास्त ठरले असते. पाण्याचा फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो. तो तर नवाच होता. अखेर प्लग काढून, भिंतीजवळचा कॉक बंद करून प्लंबरने मागची नळी सोडवली, तिचे तोंड बादलीत धरले आणि कॉक उघडला. मिनिटभरात बादलीचा तळही धड भिजला नाही.

कारण गच्चीवर होते. पाण्याची टाकी सदनिकेच्या जेमतेम तीन मीटर वर. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक बार दाब मिळतो. म्हणजे येथे ०.३ बार. अशा यंत्राच्या व्हॉल्व्हला साधारण १.४ बार लागतो. खालच्या मजल्यावर हेच यंत्र बरे चालले असते. विक्रेत्याने हे आधी विचारायला हवे होते, पण टाकीची उंची विचारणारा विक्रेता विरळाच. दाब अपुरा असला, की पाणी धारेने न पडता झिरपते आणि साच्यात उतरण्यापूर्वी नळीच्या तोंडाशीच गोठते. नवा भाग बसवला असता, तर तोही काही दिवसांत असाच तुंबला असता.

रेफ्रिजरेटर रिकामा करून काही तास बंद ठेवला. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने नळीतला बर्फ विरघळवला. सुरी लावायची नाही, असे प्लंबरने बजावले होते. नळीवर लहानसा प्रेशर पंप बसला. त्याचे पैसे अण्णांनी दिले, चिरंजीवांनी नको म्हटले तरी.

आक्कांचा प्रश्न वेगळाच होता. "अगं, ते पाणी गाळलेलं असतं का?" सुनेने फिल्टर दाखवला. वस्त्रगाळ पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, मानणाऱ्या आक्कांना ते पुरेसे वाटले नाही. शेकण्यापुरता हा बर्फ चालेल, पोटात जाणार नाही, असे त्यांनी ठरवले. पहिल्या दिवशीचा बर्फ वापरायचा नसतो. तो वितळवून कुंड्यांना घातला. पंप मात्र घुरघुरतो, म्हणून आक्का सामायिकाला बसल्या, की सून त्याचे बटण बंद करते.